भोसरीतला जिग आणि मावशींचं बोट

गुरुवारी भोसरी बंद असते. तिथल्या एका वर्कशॉपचे मालक फोनवर म्हणाले होते, "गुरुवारी या मॅडम, मशिनं बंद, निवांत चहा घेत बोलू." माझ्या क्लासमधल्या पोरांनाही तेच हवं होतं. आपलं काम पहिल्यांदा लोकांसमोर मांडायचं तर गर्दी नसलेली बरी, असं कोणालाही वाटणारच. मी मात्र बुधवार धरला, तोही पहिल्या शिफ्टचा. बंद मशीनवर ठेवलेलं कुठलंही फिक्स्चर, म्हणजे काम करताना वस्तू जागेवर धरणारं साधन, सुंदरच दिसतं. शिवाय मला ते मालकांपेक्षा त्या ड्रिलिंग मशीनवर रोज उभ्या राहणाऱ्या बाईंना दाखवायचं होतं, आणि गुरुवारी त्या घरी असणार होत्या.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी बरीच वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि साधनं बनतात त्या विभागात, डिझाइनला होते. आता पिंपरी-चिंचवड भागातल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वर्षभराचा कोर्स शिकवते. कागदावर नाव 'अॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग', म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग, पोरांच्या तोंडी 'थ्रीडीचा क्लास'. कम्युनिटी कॉलेज ही मुळात अमेरिकेतली गोष्ट. तिथलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज, इलिनॉयमधलं जोलिएटचं, १९०१ सालचं. आपल्याकडे यूजीसीने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ही योजना आणली. डिग्री अर्धवट राहिलेले, आयटीआय करून नोकरी न लागलेले, दिवसा काम करून संध्याकाळी शिकणारे, असे सगळे आमच्याकडे येतात. वयाची अट नाही. पहिल्या बाकावर अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या शेजारी त्याच्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ, हे दृश्य नेहमीचं.

अभ्यासक्रमात 'प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग' असा शब्द आहे आणि तो वाचून काही जण दबून जातात. मी त्यांना पाबळचं सांगते. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. गावाला लागणारी कामं करता करता शिकायचं, ही तिथली रीत. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबरोबर तिथे फॅब लॅबही, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू मशिनांवर स्वतः बनवायची कार्यशाळा, उभी राहिली. त्या वेळी पुण्यातल्या मोठमोठ्या कॉलेजांतही फॅब लॅब हा शब्द फारसा कोणाच्या कानावर नसेल. म्हणजे ही पद्धत आपल्याच जिल्ह्यात मुरलेली आहे, घाबरायचं कारण नाही.

माझे प्रोजेक्टचे नियम मोजके. ग्राहक खरा हवा. तो कॉलेजपासून सायकलवर जाता येईल इतका जवळ हवा. वस्तू त्याच्या रोजच्या हाताळणीतली हवी. मूर्ती, मोबाइल स्टँड आणि किचेन यांना बंदी. या बंदीवरून दर बॅचला नाराजी होते, कारण इंटरनेटवर या तीनच गोष्टींच्या फायली फुकट आणि चांगल्या मिळतात.

या गटात चौघे. जुन्नरकडचा एक मुलगा, आयटीआय फिटर झालेला, बोलणं कमी. सांगवीचा एक, ज्याला सगळे 'ड्रोन' म्हणतात कारण दुसऱ्या कशावर तो बोलतच नाही. येरवड्याची एक मुलगी, बी.कॉम., सकाळी एका अकाउंटंटच्या ऑफिसात काम करते. आणि चौथे 'दादा', चाळिशी ओलांडलेले, एका कंपनीच्या स्टोअरमधून कमी केलेले. भोसरीचं हे वर्कशॉप दादांच्याच ओळखीतलं.

काम असं होतं. हे वर्कशॉप बसच्या दाराजवळची स्टेनलेस स्टीलची हँडल्स बनवतं. एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटर व्यासाचा, पातळ भिंतीचा पॉलिश केलेला पाइप काटकोनात वाकवायचा आणि एका टोकाजवळ साडेआठ मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचं. भोक वाकलेल्या पाइपाच्या पातळीला बरोबर काटकोनात हवं, नाहीतर बसच्या बॉडीवर बोल्ट बसत नाही आणि माल परत येतो. पाइप गोल. गोलावर ड्रिल टेकवलं की ते घसरतं. स्टेनलेसवर तर एकदा घसरून घासलं की ती जागा कडक होते आणि मग ड्रिलच बोथट होतं. त्या मशीनवरच्या बाई, सगळ्यांच्या मावशी, कागदाची पट्टी गुंडाळून खूण करायच्या, पंच मारायच्या, व्हाइसमध्ये, म्हणजे आवळायच्या पकडीत, लाकडाचे दोन ठोकळे घालून पाइप धरायच्या आणि अंदाजाने सरळ करून भोक पाडायच्या. बहुतेक बरोबर यायचं, पण काही रिजेक्ट व्हायचे. यावर पोरांनी जिग करायचं ठरवलं. पाइप ठेवला की आपोआप जागेवर बसेल आणि ड्रिल कडक पोलादी बुशीतून, म्हणजे जाड नळीच्या छोट्या तुकड्यातून, उतरेल म्हणजे घसरणार नाही, असा जिग.

इथपर्यंत छान. पण आमच्या लॅबच्या भिंतीवर एक चित्र आहे, इस्रोच्या पीएस-४ इंजिनाचं. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं हे इंजिन इस्रोने प्रिंट करून बनवलं आणि ९ मे २०२४ ला त्याची ६६५ सेकंदांची चाचणी यशस्वी झाली. पूर्वी १४ भाग जोडून जे व्हायचं ते एकाच भागात झालं, १९ वेल्ड गेले, आणि एका इंजिनाला ५६५ किलो धातू लागायचा तिथे १३.७ किलो पावडरीत भागलं. हे चित्र मीच लावलंय. त्यामुळे पोरं कोर्सला येतात आणि त्यामुळेच सुरुवातीला बिघडतातही. प्रत्येकाला वाटतं की चौदाचा एक करणं म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग. जे काही करायचं ते एकसंध, एका दमात.

तसाच यांचा जिग झाला. ड्रॉइंगवरून पाइपाचं मॉडेल काढलं, एक मोठा ठोकळा घेतला आणि त्यातून पाइप वजा केला. म्हणजे पाइपाच्या आकाराचं खोबण, वरून झाकणासारखी बुशीची कमान, सगळं एकच. मटेरियल पीईटीजी नावाचं प्लास्टिक, कारण नेहमीचं साधं पीएलए साठेक अंशांना नरम पडतं आणि ड्रिलिंगमध्ये ते टिकणार नाही, एवढा विचार त्यांनी केला होता. पाऊण किलोच्या आसपास फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, आणि मशीन दीड दिवस अडकलेलं. निघाला तेव्हा देखणा होता. काळा, कडा गोलसर, वर कॉलेजचं नावसुद्धा उठावात.

मी तो हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं की हा चालायचा नाही. मी बोलले नाही. मालकांना मात्र आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की पहिल्या फेरीत अडचण येईल, तुमचा अर्धा तास जाईल, चालेल ना? ते म्हणाले, "आमचा अर्धा तास तर रोज कशात ना कशात जातोच."

बुधवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि शेडच्या पत्र्याखाली तेलाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास एकत्र झाला होता. मावशी मशीनवर होत्या. मूळच्या सोलापूरच्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, हातात बांगडी नाही. ड्रिलिंगवर काम करणाऱ्या शहाण्या बायका बांगड्या काढूनच उभ्या राहतात. त्यांनी जिगकडे पाहिलं, उचलून वजन बघितलं आणि "हलकं आहे की" एवढंच म्हणाल्या.

पहिला पाइप बसला. टक्कन. ड्रोनने मोबाइलवर व्हिडिओ सुरूच ठेवला होता. फिटरच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. आता हा पहिला पाइप म्हणजे मालकांनी त्यांना नमुन्याला दिलेला, कॉलेजात असंख्य वेळा घालून काढलेला. मावशींनी तो बाजूला ठेवला आणि क्रेटमधून दुसरा घेतला.

दुसरा बसेना. एक बाजू खोबणीत, दुसरी वर उचललेली. तिसरा निम्मा गेला आणि अडकला, काढायला रबरी हातोडा लागला. चौथा गेला, पण सैल. ड्रोन रडवेल्या आवाजात म्हणाला, "पाइप वाकडे आहेत."

मावशी हसल्या. "वाकडेच असतात बाळा. वाकवलेलेच हायत ते."

सगळं वर्कशॉप हसलं. पण दादांनी व्हिडिओ बंद करायला लावला आणि कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर मागितला. एकेक पाइप मोजायला घेतला. साडेएकोणनव्वद, एक्क्याण्णव, नव्वद, जवळजवळ ब्याण्णव. पाइप वाकवला की तो थोडा परत उघडतो, त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. स्टेनलेसमध्ये तो जास्त असतो आणि मालाचा लॉट बदलला की तोही बदलतो. हे माझ्या वहीत आहे, फळ्यावरही आलेलं आहे, परीक्षेतही येतं. मालकांनी ड्रॉइंग आणून दाखवलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: कोन ९०, अधिक-उणे २ अंश. म्हणजे पाइप वाकडे नव्हतेच, ते ड्रॉइंगप्रमाणे होते. पोरांनी नव्वद वाचलं होतं, पुढचं वाचलं नव्हतं. स्क्रीनवर पाइप एकच असतो आणि तो कायम नव्वद अंशांचाच असतो. क्रेटमध्ये शंभर पाइप असतात.

आता काय, असं म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी तोंड बंद ठेवणं फार जड जातं. उत्तर जिभेवर असतं. मी चहाचा कप उचलला.

फिटर मावशींना म्हणाला, "मावशी, तुम्ही व्हाइसमध्ये धरता तेव्हा कुठं धरता?"

दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न हा. गुण द्यायचे असते तर मी तिथेच दिले असते. मावशींनी मार्कर मागितला, पाइप हातात आडवा धरला आणि बोटाने दाखवत गेल्या. सरळ दांड्यावर दोन ठिकाणी: "हितं अन् हितं टेकला पायजे." मग टोकाला बोट लावलं: "हितं अडला पायजे." मग वाकलेल्या दांड्याच्या खाली तळहात सपाट धरला: "अन् ह्यो नुसता टेकला पायजे. धरायचा न्हाई. धरला की भांडतो."

टूलरूममध्ये आम्ही यालाच लोकेशन म्हणतो. कुठलीही वस्तू जागेवर पक्की करायची तर तिच्या हलण्याच्या सहा वाटा बंद कराव्या लागतात, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. त्या सहाच बंद करायच्या. सातवीकडून धरायला गेलं की दोन टेकू एकमेकांशी भांडतात. मावशींचा शब्द माझ्या पुस्तकातल्या शब्दापेक्षा नेमका होता. वाकलेल्या दांड्याखाली सपाट टेकू असला की कोन एकोणनव्वद असो नाहीतर ब्याण्णव, दांडा त्या टेकूवर कुठे ना कुठे टेकणारच, आणि पाइप गोल फिरणार नाही. तेवढंच हवं होतं. पोरांच्या खोबणीने पाइपाला चहूबाजूंनी मिठी मारली होती.

फिटरने हॅकसॉ घेतला. कॉलेजचं नाव असलेला भाग पहिला गेला. ड्रोनने दुसरीकडे पाहिलं. मावशींच्या खुणांच्या मधलं सगळं कापून टाकलं तेव्हा देखण्या ठोकळ्याचा पार सांगाडा झाला, पण आता क्रेटमधला कुठलाही पाइप त्यात बसत होता. मावशींनी ड्रिल उतरवलं. बुशीतून ड्रिल सरळ आत गेलं, घसरलं नाही. भोक पाहिलं, बोल्ट घालून पाहिला, ओके. दुसरा ओके. तिसरा ओके.

सहावा पाइप पुन्हा उचललेला बसला. मावशींनी आत ब्रश घातला आणि बुरा बाहेर काढला. स्टेनलेसचा बुरा लांब, गुंतलेला, धारदार. तो खाली पडायला जागाच नव्हती. जिगला बूड होतं आणि बुडात तो साठत होता. "बुरा कुठून पडनार, ते बघितलं न्हाई का?" त्या म्हणाल्या. कोणी उत्तर दिलं नाही. प्रिंटरमध्ये बुरा नसतोच. तिथे वस्तू थरावर थर चढत तयार होते, काही कापलं जात नाही. ज्याने वर्षभर फक्त प्रिंटरच पाहिला त्याला बुरा सुचणार कुठून? फिटरला सुचायला हवा होता, आणि त्याला ते टोचलं, हे दिसत होतं.

आणि मग ती घटना झाली. दहाव्या-बाराव्या पाइपाला ड्रिल वर येईना, आलं ते बुशीसकट आलं. स्टेनलेस उष्णता पुढे जाऊ देत नाही, सगळी ड्रिलमध्ये आणि बुशीत साठते. बुश तापली, भोवतीचं पीईटीजी ऐंशी अंशांच्या पुढे जाऊन नरम पडलं आणि बुश सुटून ड्रिलबरोबर गरगरा फिरायला लागली. मावशींचा हात स्विचवर आधीच होता. मशीन थांबलं. बुश खाली पडली तेव्हा तिला वितळलेल्या काळ्या प्लास्टिकची कॉलर लागलेली होती. कोणाला काही झालं नाही. मी मात्र सगळ्यांना मशीनपासून लांब केलं आणि काम तिथेच थांबवलं. इथे गप्प बसण्याचा प्रश्नच नव्हता.

मालकांच्या केबिनमध्ये दुसरा चहा. केबिन म्हणजे काच लावलेला कोपरा, त्यात टेबल, कॅलेंडर आणि नमुन्यांची रास. मला वाटलं होतं की आता निराशा होईल. त्याऐवजी फिटर, ज्याने कोर्सभर मिळून जेवढं बोललं नसेल तेवढं, एका दमात बोलला. बेस प्लास्टिकचा कशाला? बाहेर एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, प्लेटचे तुकडे पडलेत, एक घेऊ, बुरा पडायला मध्ये मोठी खिडकी कापू. बुशीची कमान पण एमएसची, बोल्टने बसवू, बुश त्यात प्रेस करू, तापली तरी सुटणार नाही. टोकाचा अडसर म्हणजे एक बोल्ट. आणि पाइप टेकायला व्ही हवा, तर अँगलचा तुकडा उलटा ठेवला की तो व्हीच असतो.

बी.कॉम.वाली मुलगी मागे वहीत लिहीत होती. तिने विचारलं, "मग प्रिंट काय करायचं?"

कोणी बोलेना. ड्रोनचा चेहरा पडला. थ्रीडीच्या कोर्सच्या प्रोजेक्टमध्ये थ्रीडीच नाही. दादा म्हणाले, "मॅडम, असं चालेल का आपल्याला?" मी म्हटलं, ग्राहकाला चालेल का ते आधी विचारा.

ती मुलगी उठून बाहेर गेली. परत आली ती मावशींचे व्हाइसमधले दोन लाकडी ठोकळे घेऊनच. त्यांना रेक्झिनचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. "हे कशाला लावलंय विचारलं," ती म्हणाली. "पॉलिशवर ओरखडा आला तर पाइप रिजेक्ट. लोखंडाच्या अँगलमध्ये ठेवला तर प्रत्येक पाइपला ओरखडा येणार. म्हणजे पाइप जिथे टेकतो तिथेच प्लास्टिक हवं. तेवढंच प्रिंट करायचं. आणि ते झिजणार, म्हणून बोल्टने बदलता येईल असं."

ठोकळ्यावर बोट ठेवून ती हे सांगत होती तेव्हा मालकांनी कॅलक्युलेटर बाजूला ठेवला. माझं सगळं शिकवणं या एका जागी येऊन थांबतं. प्रिंटर चालवायला कोणीही शिकतं. आजचे प्रिंटर स्वस्त झाले, कारण फिलामेंट वितळवून थर देण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि जगभर लोकांनी घरोघरी मशिनं बांधली. स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडून देणारं सॉफ्टवेअर, शिकायला चार संध्याकाळी पुरतात. जागतिक प्रमाणकात या तंत्राचे सात प्रकार आहेत, ते पाठ करून कोणीही पास होतं. पण समोरच्या कामातला कोणता तुकडा छापायचा आणि कोणता लोखंडाच्या दुकानातून आणायचा, हे ठरवणारा माणूस कारखान्यांना लागतो. तो वर्गात बसून तयार झालेला मी अजून पाहिला नाही. चाकणपासून तळवड्यापर्यंत प्रिंटरवर जे रोजचं काम निघतं, त्यात रॉकेटचं इंजिन क्वचितच असतं. फिक्स्चरचे टेकू, गेज, मऊ जबडे, असलंच काही असतं.

वहीत हिशेब तयार झाला. आधीच्या जिगला पाऊण किलो, आता व्हीचे दोन पॅड आणि एक सपाट पॅड मिळून साठ-सत्तर ग्रॅम. दीड दिवसाच्या जागी तीनेक तास. एकाचे मोजून सात भाग झाले होते. ड्रोनने ते मोजले आणि म्हणाला, "इस्रोच्या उलटं झालं." त्यांना धातू आणि वेळ वाचवायचा होता, आपल्याला बुरा पाडायचा होता, असं दादांनी त्याला समजावलं. मला त्यात भर घालायची गरज वाटली नाही.

संध्याकाळी लॅबमध्ये पॅड छापायला घेतले तर मशीनमधून चुरचुर असा बारीक आवाज आणि पॅडवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. पुण्याचा पावसाळा आणि मशीनवर उघडं राहिलेलं पीईटीजीचं रीळ. हवेतलं पाणी फिलामेंट पितं आणि नोझलमध्ये त्याची वाफ होते. रीळ पासष्ट अंशांना ड्रायरमध्ये घातलं आणि सगळे वडापाव खायला गेले.

वाळलेल्या रिळातून निघालेले पॅड गुळगुळीत होते, पण बोल्ट आवळला तसा पहिला व्ही-पॅड उभा फाटला. अगदी थराच्या रेषेवर. ड्रोनने तो उभा करून छापला होता, कारण तसा पृष्ठभाग जास्त चांगला दिसतो. फिटरने फाटलेला तुकडा हातात फिरवला आणि म्हणाला, "लाकूड शिरेवर फाटतं तसं आहे हे." थर आडवे एकमेकांवर बसतात, आणि एका थरातलं प्लास्टिक जितकं मजबूत असतं तितका दोन थरांमधला जोड नसतो. बोल्टचा ताण नेमका त्या जोडांना उघडत होता. पॅड आडवा करून छापला, ताण थरांच्या लांबीने गेला, आणि पुढे कितीही आवळला तरी फाटला नाही. पॅड दिसायला जरा ओबडधोबड झाला. ड्रोनने यावर काही म्हटलं नाही, पण त्याने सॅंडपेपर शोधला नाही, हे मी बघितलं.

गुरुवारी भोसरी बंद. फिटरने मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि एकटाच जाऊन प्लेट कापली, भोकं पाडली, टॅप मारले. हे मला नंतर कळलं.

शुक्रवारी नवा जिग मशीनवर चढला. दिसायला कुरूप. गंजाचे डाग असलेली प्लेट, त्यावर बोल्ट, त्यावर तीन काळे पॅड, आणि कॉलेजचं नाव कुठेच नाही. मावशींनी पाइप ठेवला, टोकाला टेकवला, टॉगल क्लॅम्पची पकड दाबली, ड्रिल उतरवलं. बुरा खिडकीतून खाली ट्रेमध्ये. पुढचा. त्यांनी खूण करायची पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या मशीनवरून हलल्या नाहीत. आम्ही तिथे उभे होतो हे त्या विसरून गेल्या होत्या. माझ्या मते हीच पावती.

मूल्यमापनाचा तक्ता भरताना माझी पंचाईत झाली. त्यात 'प्रिंटचे एकूण तास' आणि 'भागाची गुंतागुंत' असे रकाने आहेत. तीन तास आणि तीन सरळसोट पॅड. शेजारच्या गटाने चाळीस तास छापलेला गिअरबॉक्स आणला होता, फिरवला की फिरतो, कशालाही जोडलेला नाही. तक्त्याप्रमाणे गिअरबॉक्स जिंकतो. मी शेऱ्याच्या चौकटीत अर्धं पान लिहिलं, वर्कशॉपमधून आणलेले दोन रिजेक्ट आणि दोन ओके पाइप बरोबर जोडले, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना तोंडी प्रश्न विचारताना फिटरला आधी बोलू द्या, अशी विनंती केली. त्यांनी ऐकलं. तक्ता बदलायचं पत्र मी दिलंय, ते कुठल्या टेबलावर आहे ते टेबललाच ठाऊक.

पैशाचं बोलणं त्याच शुक्रवारी झालं. मालकांना डाव्या बाजूच्या हँडलसाठीही तसाच जिग हवा होता. "आता काय, मोबाइलवर आरसा करायचा आणि छापायचं," ते म्हणाले. बी.कॉम.वालीने वही उघडली. पॅड स्लायसरमध्ये एका क्लिकवर उलटे होतात, खरं आहे, पण प्लेट उलटी होत नाही, ती कापावी लागते. बुश, टॉगल क्लॅम्प, फिलामेंट, मशीनचे तास, फिटरचा दिवस. तिने आकडा सांगितला. मालक म्हणाले, "कॉलेजची पोरं पैसे घेतात होय?" दादांनी स्टोअरमधल्या वीस वर्षांच्या शांतपणाने सांगितलं की पहिला जिग शिकण्याचा होता, दुसरा कामाचा आहे. घासाघीस झाली. शेवटी मालक आकड्यावर आले, पण वर्षभर झिजलेले पॅड बदलून द्यायची अट घालून. मुलीने ती अटही लिहून घेतली आणि त्यावर सही मागितली.

आम्ही निघत होतो तेव्हा मावशींनी हात पुसत हाक मारली.

"डाव्याचे दुसऱ्या रंगाचे करा. काळ्यात काळे आले की घाईत उजवीकडचा पाइप डावीकडं जातोय. लाल करा."

"लाल रीळ संपलंय मावशी," ड्रोन म्हणाला. "निळं आहे. निळं चालेल?"

"चालतंय की."